पाइप बँडची गावकी
किल्ट घातलेले वादक आणि बॅगपाइपचा चढा सूर म्हटले की कुणाला पर्यटनाची जाहिरात आठवते, कुणाला दिल्लीचे बीटिंग रिट्रीट. पाइप बँड हा प्रकार रुजला तो ब्रिटिश लष्करातच, हे खरे. पण स्कॉटलंडच्या गावांतले बँड टिकले ते शिकवण्याच्या जोरावर, आणि शिकवणे भाग पाडते ती त्या वाद्याची घडण. बॅगपाइपला सूर नऊच. पिशवीतून हवा अखंड येत असल्याने सूर लहानमोठा करता येत नाही की मध्ये थांबता येत नाही. सनईच्या साथीला सूर धरावा तशा मागच्या तीन नळ्या एकाच सुरावर असतात. वीस जण मिळून वाजवताना एकाचा चँटर, म्हणजे बोटांनी वाजवायची भोकांची नळी, सुरात जरा चढला तरी सगळ्यांचे बिघडते. म्हणून वाजवण्याआधी पाइप मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, एकेकापाशी जाऊन ऐकतो, चँटरच्या भोकावरची चिकटपट्टी नखाने केसभर खाली सरकवतो, पुन्हा ऐकतो. पावसाने किंवा उन्हाने हवा बदलली की सगळे पहिल्यापासून. इथे कच्च्या वादकाला झाकता येत नाही. त्याला तयारच करावे लागते.

अर्गाइलमध्ये लॉक फाइनच्या काठी इनव्हररे हे हजाराच्या आतल्या वस्तीचे गाव आहे. 2005 मध्ये स्टुअर्ट लिडेल या नामवंत वादकाने तिथल्या मुलांना हाताशी धरून बँड उभा केला. मुलांच्या गटापासून वर चढत हा बँड ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत 2017 साली अव्वल श्रेणीत पहिला आला, 2019 साली पुन्हा. वरच्या श्रेणीतले बँड नावापुरतेच गावाचे, वादक लांबून येतात, असा आक्षेप घेतला जातो. तो पुष्कळसा खरा आहे, आणि स्पर्धेच्या ओढीत गावचे कार्यक्रम मागे पडू शकतात हेही खरे. पण बाहेरचे वादक ओढले जातात ते बँडचे नाव झाल्यावर, आणि इनव्हररेत त्या नावाचा पाया गावातल्या मुलांनी घातला. गावाचे धंदे गेले तरी बँड टिकू शकतो. लॅनार्कशरमधल्या शॉट्स या गावाच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, लोखंडाचा कारखानाही गेला. तिथला 1910 सालचा बँड मात्र 2015 मध्येही जगज्जेता ठरला.

2021 मध्ये स्कॉटलंडच्या सरकारी शाळांतली वाद्यशिक्षणाची फी रद्द झाली, मग बँड कशाला हवा, असेही कुणी विचारील. शाळा अठराव्या वर्षी सुटते, बँड सुटत नाही. शिवाय पाइपच्या चांगल्या संचाला हजार पौंडांच्या वर पडतात. नवशिका कित्येक महिने बिनपिशवीच्या साध्या चँटरवर बोटे बसवतो. पुढे पुष्कळ बँड त्याला पाइप आणि पोशाख वापरायला देतात. हा खर्च लग्नांत, गावच्या जत्रेत, हायलँड गेम्समध्ये वाजवून भरून काढायचा असतो. नोव्हेंबरात युद्धस्मारकाकडे निघणाऱ्या मिरवणुकीपुढेही बहुधा हाच बँड असतो. स्थानिक परिषदांनी अनुदान देताना कपाटातले चषक मोजू नयेत, नवशिक्यांचा वर्ग चालू आहे का ते पाहावे. सरावाला संध्याकाळी शाळेचे सभागृह बिनभाड्याने मिळाले तरी लहान बँडचा मोठा भार हलका होईल.