बीभत्स रस आणि आपण

भयपटांचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी नाक मुरडतात आणि तरुण मंडळी त्यांना हसतात. आमची स्थिती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. माणसाचे शरीर फाडून दाखविणारे काही चित्रपट कलाकृती म्हणून नावाजले जातात. त्यांतले काही आम्ही पाहिले, मध्ये मध्ये डोळे मिटून घेतले, आणि त्या रात्री त्यांचाच विचार करीत जागत पडलो. किळस आणि ओढ ही एकाच वेळी का वाटावीत, हे येथे थोडे उलगडून पाहावयाचे आहे.

हा प्रश्न काही पश्चिमेकडून आलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत शृंगार, वीर यांच्या पंक्तीला भयानक आणि बीभत्स हेही बसले आहेत. भयानकाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे साध्या भाषेत किळस. बीभत्साचे पोटभेदही केले आहेत : रक्त पाहून होतो तो क्षोभज, घाण व किडे पाहून होतो तो उद्वेगी. मात्र युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये, असेही त्याच ग्रंथात आहे. किळशीचा रस होऊ शकतो. परंतु दाखविण्याला हद्द हवी, असा हा दुहेरी विचार होय.

आपल्या जिल्ह्यातील माणसाला हे परके वाटू नये. तुळजापूरची भवानी ही महिषासुरमर्दिनी. तो दैत्यवध आपण हात जोडून पाहतो, कारण शस्त्र कोणावर आणि कशासाठी उगारले हे आपणांस ठाऊक असते. लहानपणी आठवडी बाजारात पोतराज अंगावर आसूड ओढी, तेव्हा आम्ही बोटांच्या फटीतून पाहत असू. त्यामागे पोटाची आग होती, हे पुष्कळ उशिरा कळले.

चित्रपटांतही हाच भेद दिसतो. फ्रान्समधील जॉर्ज फ्रांजू याने १९४९ साली पॅरिसच्या कत्तलखान्यांवर एक लघुपट केला. त्यातील रक्त खरे आहे, आणि ते सांडणारे हात रोजच्या कामावर आलेल्या मजुरांचे आहेत. त्याच फ्रांजूच्या १९६० च्या भयपटात एक शल्यवैद्य आपल्या मुलीसाठी दुसऱ्या तरुणींच्या चेहऱ्याची कातडी सोलून काढतो. येथे रक्त नकली, पण बापाचा हट्ट खरा आहे. आपल्याकडे विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा लुगड्यावरचा रक्ताचा डाग सेन्सॉरला खटकला. श्रीराम लागूंनी तो निळा केला, आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा असे प्रयोगापूर्वी सांगण्यात येऊ लागले. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये म्हातारीच्या जित्या देहातून झाड उगवलेले दिसते. ते किळसवाणे खरेच; पण ती लोभाची शिक्षा आहे, हे न सांगता समजते.

इथवर आम्ही अशा चित्रपटांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. कामगारांच्या कामात आयुष्य गेल्याने खरे रक्त आम्ही पाहिले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटे गेली तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली, पंजा गेला तर ६० टक्के, असा हिशेब मांडलेला होता. हिशेब आवश्यकच, त्यावाचून पैसा मिळाला नसता. पण कागदावर रक्ताचा थेंबही दिसत नसे, आणि पुष्कळांना ते सोयीचे होते.

एका कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून तीन बोटे गेलेला आमचा एक सोबती एकदा आमच्याकडे बसला होता. मुलाने असाच एक नावाजलेला चित्रपट लावला होता. पडद्यावर हात तुटला, मोठा आवाज झाला. सोबती शांतपणे म्हणाला, “अण्णा, असा आवाज येत नसतो. कायबी आवाज येत नाही. बायकोला बोटं दिसली, तवा कुठं दुखाया लागलं.” आम्ही चित्रपट बंद करायला सांगितले, तर तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की, पोरं बघतेत.”

त्या दिवसापासून आम्ही एक कसोटी लावतो. अंग तुटल्यावर कॅमेरा त्या माणसापाशी थांबतो, की पुढच्या शिकारीकडे धावतो? जो थांबतो, त्याची किळस आम्ही सोसतो. कारण कागदाने झाकलेले तो उघडे करतो. जो धावतो, त्याची कारागिरी कितीही नामी असली तरी त्याने माणसाचा पुन्हा एकदा कच्चा माल केला, असेच आम्हांस वाटते. ही कसोटी प्रत्येक वेळी पुरी पडते असे नाही. काही चित्रपट थांबतात ते केवळ चवीने पाहण्यासाठी, आणि तेथे आमचे डोळे मिटले की उघडे राहिले, याची कबुली देताना आम्हांलाही संकोच वाटतो. बंदी घालावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पाहावे, आणि पाहून झाल्यावर दिवा लावून घरातल्या मुलांशी त्याविषयी बोलावे, एवढीच आमची विनंती आहे.