विश्लेषण : देशी बदामाची पाने लाल झाली, म्हणजे झाड वाळले का?

हिवाळा सरताना कात्रजच्या सोसायट्यांमधील देशी बदाम लालबुंद होतात. मग पानांचा खच पडतो, पार्किंग झाडताना पुरेवाट होते आणि ‘झाड मेले, काढून टाका’ अशी मागणी सुरू होते. झाड मात्र ठणठणीत असते. पानगळीपूर्वी ते पानांतील अन्नद्रव्ये परत ओढून घेते; हरितद्रव्य ओसरले, की लाल रंग दिसतो. काही आठवड्यांत नवी पालवी येते.

हा बदाम कोणता?

सुक्यामेव्यातला नव्हे. तो गुलाबाच्या कुळातला, थंडीची गरज असलेला. देशी बदाम (टर्मिनालिया कटापा) हा आपल्या ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांचा भाऊबंद. उष्ण प्रदेशातील समुद्रकिनारे हे त्याचे मूळ घर. फळ हलके, धागेदार असल्याने लाटांवर तरंगत दूर जाते. समुद्रापासून लांब हे काम वटवाघळे करतात. गर खाऊन आठळी भलतीकडेच टाकतात. ती दगडाने फोडली, की आत पांढरी, बारीक बी मिळते. चव बदामासारखी आणि जवळपास निम्मे वजन तेलाचे. फोडण्याच्या मेहनतीमुळेच असेल, बाजारात ती सहसा दिसत नाही.

मजल्यामजल्यांनी वाढ

ताजे फळ रुजवले, तर साधारण महिन्याभरात कोंब येतो. खोड काही काळ सरळ वाढते, मग एकाच पातळीवर चहूबाजूंनी आडव्या फांद्या फुटतात. शेंडा पुन्हा वर जातो आणि दुसरा मजला चढतो. छत्र्या एकावर एक ठेवल्यासारखे रूप त्यातून येते. दाट सावलीही त्यामुळेच.

खरी चूक इथेच होते. कुंपणाची भिंत आणि पार्किंग यांच्या हातभर जागेत रोप लावले जाते, बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते. झाड विजेच्या तारांना टेकले, की शेंडाच छाटतात. मग मजल्यांची रचना मोडते, कापलेल्या जागी कमकुवत फांद्यांचा झुपका येतो आणि पुढच्या वादळात तोच मोडतो. छाटायचेच असेल, तर अडचणीची आडवी फांदी मुळापासून काढावी, शेंडा राखावा.

झाड खासगी आवारातले असले, तरी ते तोडण्यासाठी महाराष्ट्राच्या 1975च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लाल पाने हे त्याचे कारण होऊ शकत नाही. परवानगीचा अर्ज करण्याआधी पालवीची वाट पाहावी.