तीन व्होल्ट, पण कशाच्या मानाने?

शेतातील मोटार घरी बसून चालू करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. पाळी रात्रीची आली की अंधारात, विंचूकाट्यातून वाट काढीत विहिरीवर किंवा नदीकाठी जायचे आणि स्टार्टरचे बटण दाबायचे, हे कोल्हापूर भागातील ऊसवाल्यांना चांगलेच ठाऊक आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिली आणि मोबाइलवरून पंप चालविणारे 'नॅनो गणेश' हे साधन तयार केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना असेच काहीतरी करून पाहावेसे वाटत असणार. आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय यांसारखा छोटा संगणक-बोर्ड हाताशी असला, की त्याच्यावर घरातला दिवा किंवा पंखा चालवून पाहण्याचा मोह होतोच. मोह चांगला आहे. फक्त बोर्ड चालतो ५ किंवा ३.३ व्होल्टवर आणि भिंतीतली वीज असते २३० व्होल्टची. शिवाय २३० ही प्रत्यावर्ती दाबाची परिणामी किंमत झाली. प्रत्येक आवर्तनात तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते.

विज्ञानप्रदर्शनाच्या तयारीत असलेला एक विद्यार्थी एकदा स्मार्ट प्लग उघडून माझ्याकडे घेऊन आला. आतल्या इवल्याशा चकतीवर संदेश देण्याघेण्याची टोके होती. त्यांना तीन तारा जोडून त्या आपल्या बोर्डाला आणि बोर्ड संगणकाला जोडायचा त्याचा बेत होता. "सर, मी मल्टीमीटरने मोजले आहे, ३.३ व्होल्टच आहेत," तो म्हणाला. प्लग भिंतीत खोचलेला असतानाच त्याने हे मोजले होते, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

त्याचे मोजमाप अचूक होते. पण व्होल्टमध्ये आपण मोजतो ते विभवांतर, म्हणजे दोन बिंदूंमधील फरक. पन्हाळ्याच्या तटावर तीन फुटांचे स्टूल ठेवले, तर त्याची उंची तीन फूटच भरेल. स्टुलावरून आतल्या बाजूला उडी मारणाऱ्याला काही होणार नाही. बाहेरच्या बाजूला मारली तर मात्र उंची स्टुलाची नव्हे, तटाची आणि खालच्या कड्याची मोजावी लागेल.

स्मार्ट प्लगमध्ये नेमके हेच घडते. मोबाइलच्या चांगल्या चार्जरमध्ये रोहित्र असते. त्याच्या दोन वेटोळ्यांचा एकमेकांशी तारेने संबंध नसतो. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. स्मार्ट प्लग लहान आणि स्वस्त करायचा असल्याने अनेक प्लगांत असे रोहित्र नसते. तेथील ३.३ व्होल्टच्या मंडलाचे 'ग्राउंड' भिंतीतल्या दोन तारांपैकी एकीला सरळ जोडलेले असते. ती तार फेजची असली, तर अख्खे मंडल जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर तरंगत असते आणि मल्टीमीटर मात्र इमानेइतबारे ३.३ दाखवितो. ती तार न्यूट्रल असेल म्हणून निर्धास्त राहू नये, कारण आपल्याकडे सॉकेटमध्ये या दोन तारांची अदलाबदल झालेली पुष्कळदा आढळते. अशा प्लगाचे ग्राउंड संगणकाला जोडले, की फेजला जमिनीकडे जाण्याची वाट मिळते: संगणकातून, नाहीतर त्याला हात लावणाऱ्याच्या शरीरातून. घरातील गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरला वीज तोडतो, तो यासाठीच. त्याहून फार मोठा प्रवाह हृदयाला सोसवत नाही.

मग बोर्डाने दिवा लावायचा तरी कसा? दोन्ही बाजूंमध्ये धातूचा दुवा न ठेवता. रिले हा त्याचा जुना मार्ग. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी तो १८३५ च्या सुमारास वापरला होता. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते चुंबक बनते आणि शेजारची पट्टी ओढून दुसरे मंडल जोडते. ५ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेचे वेटोळे सुमारे ७० ओहमचे असते, म्हणजे त्याला ७१ मिलिअँपिअर लागतात. आर्डुइनो उनोच्या एका टोकाकडून २० हून अधिक मागू नयेत. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवा. वेटोळ्याला समांतर, उलट दिशेने एक डायोडही हवा; कारण प्रवाह तोडताक्षणी वेटोळे स्वप्रवर्तनाने मोठा दाब उसळवते आणि ट्रान्झिस्टर जळतो. पंपाच्या बाबतीत तर रिलेही मोटारीला हात लावीत नाही. तो स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरचे वेटोळे चालवितो आणि मोटारीचा प्रवाह कॉन्टॅक्टर पेलतो.

रिलेच्या २३० व्होल्टकडील बाजूची जोडणी मात्र जाणत्या तारतंत्र्याकडून, बंद पेटीत करून घ्यावी. तुम्ही सराव करायचा तो १२ व्होल्टची बॅटरी आणि मोटारसायकलचा दिवा घेऊन. रिलेचा 'टक' आवाज तोच, तर्क तोच.

याहून सोपा उपाय त्या विद्यार्थ्याच्या प्लगातच होता, फक्त तो उघडायचे कारण नव्हते. न उघडलेला प्लग वाय-फायवर संदेश ऐकतो आणि आपला बोर्डही वाय-फायवर बोलू शकतो. बोर्ड टेबलावर, प्लग भिंतीत, मध्ये चार हात हवा. याहून चांगले विलगीकरण कोणत्या रोहित्रात मिळणार? प्लगावरील अँपिअरचा आकडा तेवढा वाचावा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर घेतो. ६ अँपिअरचा प्लग त्याने तापून वितळेल.

प्रदर्शनात त्या मुलाने असाच नवा, बंद प्लग वापरला. जुना मी परत दिला नाही. त्याच्या पिना कापून टाकल्या आहेत आणि 'विभवांतर' शिकविण्याच्या दिवशी तो कपाटातून बाहेर निघतो.