लघवीचा हिशेब ठेवा



गळीत हंगामात रसाची गाळणी तुंबली तर काय होते, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या देहातही अशा दोन गाळण्या आहेत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना असलेली मुठीएवढी मूत्रपिंडे! प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास पाणी त्यांतून गाळले जाते. त्यातले जवळजवळ सारे शरीर परत घेते. उरते ती दीडेक लिटर लघवी. तिच्यावाटे जादा मीठ आणि युरिया बाहेर पडतो. होय, आपण उसाला घालतो तोच युरिया!

दवाखान्यात परिचारिका रोग्याची लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहून ठेवते, ते उगीच नव्हे. मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होणे ही धोक्याची खूण होय. घरी मोजमाप नको, रंग पाहावा. फिकट पिवळा ठीक. गडद झाला तर पाणी कमी पडतेय असे समजावे. लालसर दिसली, पायावर सूज आली, तर डॉक्टर गाठावा.

ही गोष्ट उसाच्या फडाशी जोडलेली आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर देशात मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी झालेल्या शेतमजुरांची नोंद डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केली. त्या भागातील ऊसतोड मजुरांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. नेमक्या कारणावर अजून एकमत नाही. पण रणरणत्या उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट यांवर मोठा संशय आहे.

आपल्याकडे तोडणीला आलेल्या बायाबापड्या आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात, लघवी दाबून धरतात. मग जंतू वाढतात, उन्हाळी लागते. वर अंगदुखीच्या गोळ्या! शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्याच्या फडात टोळी उतरेल, त्या सभासदाने स्वच्छ पाण्याचा माठ, घटकाभर विसाव्याला सावली आणि ताडपत्रीचा एक आडोसा एवढे जरूर करावे. खर्च तो किती? कोयता चालवणाऱ्याचा जीव त्याहून मोलाचा आहे.