पहिलं नाव

गेल्या वर्षी आईच्या थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलायचा होता, म्हणून तिच्याबरोबर एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये गेले होते. एक तरुण डॉक्टर तिला तपासत होते आणि विभागप्रमुख मॅडम मागे नुसत्या उभ्या होत्या. शेवटी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, तोही त्या डॉक्टरांना. मला वाटलं, हे अजून शिकाऊच दिसतायत! नंतर कळलं, एमबीबीएस आणि तीन वर्षांचं एमडी करून ते आता एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथी आणि हार्मोन्स यांच्या शास्त्रात, आणखी तीन वर्षांचं डीएम करत होते. मग इतकं शिकलेल्या माणसाला विभागप्रमुख शिकवतात तरी काय?

याचं उत्तर मला अमेरिकेतल्या एका जुन्या गोष्टीत सापडलं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर ऑलब्राइट हे एंडोक्रायनॉलॉजीचे मोठे डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली शिकायला दुरून तरुण डॉक्टर येत. 1941 साली हॅरी क्लाइनफेल्टर असेच वर्षभरासाठी आले. ऑलब्राइटनी त्यांना एक रुग्ण दाखवला. पुरुष, पण छाती वाढलेली आणि वृषणं लहान. याचा छडा लाव, म्हणाले.

क्लाइनफेल्टरनी असे आणखी रुग्ण शोधले. सगळे मिळून नऊ झाले. त्यांच्या लघवीत एफएसएच हे हार्मोन जास्त सापडलं. याचा अर्थ सोपा आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना कामाचा निरोप याच हार्मोनमधून धाडते. तिकडून काम होत नसेल, तर ती निरोपावर निरोप धाडत राहते. म्हणजे बिघाड पिट्यूटरीत नव्हता, वृषणांत होता. त्यामागचं मूळ कारण 1959 मध्ये पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांना सापडलं: या पुरुषांमध्ये एक एक्स गुणसूत्र जादा असतं.

1942 च्या त्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत. ऑलब्राइट यांचं सगळ्यात शेवटी, क्लाइनफेल्टर यांचं पहिलं. म्हणून आज जगभर या विकाराला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. हा खरं तर ऑलब्राइट यांचाच शोध, त्यांनी मोठ्या मनाने माझं नाव पुढे येऊ दिलं, अशी कबुली क्लाइनफेल्टर यांनीच पुढे दिली.

हा मोठेपणा सोपा नव्हता. ऑलब्राइटना पस्तिशीच्या सुमारासच कंपवाताने गाठलं होतं. हात थरथरायचे, पुढे बोलणंही कठीण होत गेलं. तरी रुग्ण पाहणं आणि शिकवणं चालूच होतं. 1956 मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली आणि त्यांची वाचाच गेली. 1969 मध्ये ते वारले, तोवर तेरा वर्षं मुकेपणात गेली. पण त्यांच्याकडे शिकलेले डॉक्टर काम करतच होते. त्यांच्यापैकी फ्रेडरिक बार्टर यांनी 1962 मध्ये मूत्रपिंडाच्या एका नव्या विकाराचं वर्णन केलं. तो आज बार्टर सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

आपण साहित्याचे विद्यार्थी. कवितेखाली, लेखाखाली आपलं नाव छापून आलं की किती बरं वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणूनच मला वाटतं, अशा विभागाच्या प्रमुखाला दोन गोष्टी जमाव्या लागतात. नेमका प्रश्न हाती द्यायचा आणि उत्तर मिळालं की आपण मागे सरायचं.

घरी आल्यावर आईचा केसपेपर पुन्हा पाहिला. त्यावर सही त्या तरुण डॉक्टरांची होती.