हरवलेल्या माणसाचा माग

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या जुन्या वस्तीत म्हातारं माणूस हरवलं, की दोन शोधपथकं आपोआप तयार होतात. तरुण मुलं मोबाइलवर फोटो पाठवतात, दुकानांचे कॅमेरे पाहतात. बुजुर्ग ओट्यावर बसून विचारतात, ‘पूर्वी राहायला कुठं होते? नोकरी कुठं केली?’ आधी कोण शोधतो, याची चढाओढ लागते. मुलं या चौकशीला हसतात, हे मी पाहिलं आहे. पण स्मृतिभ्रंश झालेला माणूस पुष्कळदा जुन्या घराकडे, जुन्या कामाच्या जागेकडेच निघतो. तो कोणत्या वळणावर गेला हे कॅमेरा सांगेल. पुढं कुठं जाईल, ते बुजुर्गच सांगतील. म्हणून दोघांनी मिळून शोधावं.

पण सर्वांत आधी पोलीस ठाणं गाठावं. चोवीस तास थांबायचा नियम कायद्यात नाही. हरवलेलं मूल अठरा वर्षांखालचं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार गुन्हाच नोंदवावा लागतो. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

शोधाच्या भरात अनोळखी माणसावर मात्र हात टाकू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागायला आले होते. त्यांचीही घरी कुणी वाट पाहत होतं. संशय आला तर पोलिसांना सांगावं.

आणि माणूस सापडला, की जिथं जिथं फोटो पाठवला तिथं तसं कळवावं. नाहीतर घरी आलेल्या माणसाचा शोध महिनोन्‌महिने चालू राहतो.