चिखलातले देवदूत

शिकण्यासाठी परदेशी जायचे म्हटले, की आपल्याला मोठी विद्यापीठे आणि सुंदर शहरे आठवतात. परंतु १९६६ साली काही विद्यार्थ्यांनी परदेशात पुस्तके मिटून हाती फावडी घेतली. त्यांचीच ही हकिकत आहे.

इटलीमध्ये आर्नो नदीच्या काठी फ्लॉरेन्स हे जुने शहर वसले आहे. चित्रे, शिल्पे आणि ग्रंथ ही या शहराची खरी दौलत. कला आणि इतिहास शिकण्यासाठी दूरदूरच्या देशांतील मुले-मुली तेथे येतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी मुसळधार पावसाने आर्नोला महापूर आला. काही भागांत पाणी सहा मीटरांहून वर चढले. अनेक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो कुटुंबे बेघर झाली.

नदीच्या अगदी जवळ राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच्या तळघरात पाणी शिरले आणि लाखो पुस्तके, मासिके व वर्तमानपत्रे बुडाली. घरे उबदार ठेवण्यासाठी लोकांनी तेल साठवले होते. तेही पुराच्या पाण्यात मिसळले. पूर ओसरला, तेव्हा ग्रंथांवर काळ्या, तेलकट चिखलाचा थर बसलेला होता.

आता वेळ फार थोडा होता. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरू लागते. गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटली, की ती पुन्हा सुटत नाहीत. चामड्याची वेष्टने आक्रसतात. मूठभर कर्मचाऱ्यांना एवढे काम कसे जमणार?

अशा वेळी विद्यार्थी धावून आले. फ्लॉरेन्समध्ये शिकणारे परदेशी विद्यार्थी तर होतेच. इटलीच्या इतर शहरांतून आणि युरोपातील अन्य देशांतूनही तरुण आले. त्यांना कोणी आमंत्रण दिले नव्हते की पगार कबूल केला नव्हता. कित्येक जण रात्री रेल्वेच्या डब्यांत झोपत. त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण काम एकच!

तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत ते रांगेने उभे राहिले. चिखलाने माखलेला ग्रंथ या हातातून त्या हातात, असा वर जाई. तळघरात इतकी दुर्गंधी होती, की काहींना तोंडावर मुखवटे बांधावे लागत. वर आणलेल्या ग्रंथांवरचा चिखल काढला जाई. ओल शोषून घेण्यासाठी लाकडाचा भुसा आणि टीपकागद वापरत. मग हे ग्रंथ तंबाखू सुकवण्याच्या कोठारांत वाळवायला पाठवले जात. या मुलामुलींना प्रेमाने नाव मिळाले, ‘चिखलातले देवदूत’. उर्दूत आपण त्यांना फरिश्ते म्हणू.

यातून विद्यार्थी काय शिकले? ग्रंथ छापून झाला म्हणजे तो कायमचा टिकला असे नाही. त्याला जपावे लागते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे निरनिराळ्या देशांतील कुशल बाइंडर तेथे आले. भिजलेले ग्रंथ दुरुस्त करण्याच्या नव्या पद्धती त्यांनी शोधल्या. ग्रंथ जतन करण्याच्या शास्त्राला या कामामुळे मोठी चालना मिळाली. दुरुस्तीचे काम तर कित्येक वर्षे चालू राहिले.

तुमचे एखादे पुस्तक पावसात भिजले, तर ते कडक उन्हात ठेवू नका. पाने वाकडी होतात. ओली पाने ओढून सोडवू नका, ती फाटतात. थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद घाला, तो भिजला की बदला आणि पुस्तक पंख्याच्या वाऱ्यात वाळवा.

मित्रांनो, परक्या देशात माणूस पाहुणा म्हणून जातो. पण संकटाच्या वेळी जो यजमानाच्या खांद्याला खांदा लावतो, तो पाहुणा राहत नाही. तो घरचाच होतो.